नोलीनच्या लाल तोंडाची फाइल

लेडी बॅरन, फ्लिंडर्स बेट
१४ जून १९९९

प्रिय ग्लेनिस,

मोजे पोचले. डार्सीने तिथल्या तिथे पायात चढवले आणि "बहिणीला अजून माझ्या पायाचं माप पाठ आहे" म्हणत दिवसभर मिरवला. मी म्हटलं, बायकोला तुझ्या पायांचा वास पाठ आहे, तिचंही कधी कौतुक कर. तर म्हणतो, वास काय, कुणीही पाठ करेल.

इकडे थंडी मजबूत आहे. शेकोटीत लाकूड घालता घालता हात दुखून येतात. मेंढ्या व्यायला लागल्यात, त्यामुळे डार्सी जेवायला येतो आणि ताटावरच पेंगतो.

माझी बातमी एकच. माझं तोंड लाल व्हायला लागलंय. बसल्याबसल्या गळ्याखालून सुरू होतं आणि बघता बघता कपाळापर्यंत चढतं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या क्रेफिशसारखं. पाच-दहा मिनिटांत उतरतं. गेल्या सोमवारी महिला मंडळात मी मागच्या सभेचं टिपण वाचत होते आणि नेमकं तेव्हाच ते चढलं. थेल्माने हातातला कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "बायांनो, नोलीन पोचली एकदाची!" टाळ्या वाजवल्या ग मेल्यांनी! मग सल्ल्यांचा नुसता पाऊस. एकीने सांगितलं सेजचा चहा पी, दुसरीने सांगितलं नवऱ्याला वेगळं पांघरूण दे, तिसरीने सांगितलं नवऱ्याला वेगळी खोलीच दे.

आता मला पन्नास पुरी झाली आणि पाळी वर्षभर अडखळतेच आहे, तेव्हा आश्चर्य कसलं. खरं सांगू? बरंच वाटलं. सगळ्याजणी ज्या रांगेत आहेत त्या रांगेत आपणही लागलो.

तुमच्या हॉस्पिटलात निदानांच्या नंबरांचं नवं पुस्तक आलंय म्हणालीस ना? मग सांग, माझ्या लाल तोंडाचा नंबर काय? थेल्माला तोंडावर सांगायचा आहे.

तुझी
नोलीन


लॉन्सेस्टन
२६ जून १९९९

प्रिय नोलीन,

पुस्तक नाही बाई, पाच जाडजूड खंड आहेत. एक जुलैपासून सगळ्या तास्मानियात नवे नंबर लागू. एकवीस वर्षं मी जे नंबर तोंडपाठ केले, झोपेत विचारले तरी सांगितले असते, ते आता कुणी विचारणार नाही. शेजारच्या टेबलावरचा हेडली तर निवृत्तीला आलेला, तोही रोज डबा खाताना पुटपुटत पाठांतर करतो. म्हणतो, "या वयात बायको बदलली असती तरी सोपं गेलं असतं." आम्ही तिघंजण त्या तळघरात बसून पेशंट घरी गेला की त्याची फाइल पहिल्या पानापासून वाचतो आणि त्याच्या प्रत्येक दुखण्याला नंबर देतो. माझ्या कानांचा आणि फोनचा उभा दावा, त्यामुळे हे काम मला मानवतं. फाइल हळू बोलली म्हणून मला कुणाला "काय? काय?" करावं लागत नाही.

आता तुझ्या तोंडाचं. दोन नंबर आहेत. नुसतं लाल होत असेल, कारण कळलेलं नसेल, तर आर २३.२. पाळी जाण्याच्या वयामुळे होतंय असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर एन ९५.१. तुझ्या बाबतीत हे कुणी लिहिलं? थेल्माने. थेल्मा डॉक्टर आहे का? नाही. म्हणजे तुला आर २३.२, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना सांग, निकाल अजून लागायचा आहे.

चेष्टा सोडून एक. मला तुला विचारायचं होतं की घाम येतो का, पण लिहिता लिहिता हात आवरला. फाइलमध्ये डॉक्टरांनी नीट लिहिलं नसलं तर आम्ही त्यांना एक चिठ्ठी पाठवतो, आणि त्या चिठ्ठीत उत्तर सुचवायचं नाही असा कडक नियम आहे. "हे अमुकमुळे आहे ना?" असं विचारलं की घाईतला डॉक्टर "हो" म्हणून सही ठोकतो. म्हणून आपण फक्त विचारायचं, काय काय होतं? कधी होतं? त्याच्यासोबत आणखी काय होतं?

तर काय काय होतं, कधी होतं, सोबत आणखी काय होतं, ते लिहून पाठव.

ग्लेनिस


लेडी बॅरन
११ जुलै

प्रिय ग्लेनिस,

घ्या! नणंदबाई डॉक्टर झाल्या. तरी पण तुझा हुकूम म्हणून कॅलेंडरवर लिहायला लागले. डार्सीला वाटतं मेंढ्यांचं लिहितेय.

मंगळवार, सकाळी. काही कारण नाही. चढलं आणि उतरलं. गुरुवार, डार्सीचा वाढदिवस. घोटभर पोर्ट वाइन घेतली आणि ग्लास खाली ठेवायच्या आत तोंड पेटलं. छातीत धडधड. डार्सी म्हणाला, लग्नाआधी मला बघून अशी लाल व्हायचीस. शनिवार, चीज खाल्लं तेव्हा. रविवार, दोनदा.

घाम म्हणशील तर टिपूस नाही. (विचारलं नाहीस तरी सांगते.) थेल्माला म्हणे चादर पिळावी इतका येतो. माझी कातडी मात्र बिस्किटासारखी कोरडी. आणि आता विषय निघालाच आहे तर, पोटही बिघडलेलं असतं. दिवसाकाठी पाच-सहा वेळा परसाकडे धाव. दोन-तीन महिने झाले असतील. मी चीजला दोष देते, डार्सी माझ्या स्वयंपाकाला.

डॉक्टरकडे जा म्हणशील. नको. हात दाखवून अवलक्षण कशाला? या वयाच्या बायका डॉक्टरकडे लाल तोंडाची तक्रार घेऊन जात नाहीत, घरच्यांवर ओरडतात आणि गप्प बसतात. मीही तेच करतेय आणि मजेत आहे. काल तर जर्दाळूच्या जॅमच्या नऊ बाटल्या केल्या, गेल्या मोसमातले वाळवलेले होते त्यांच्या. एक तुझी.

नोलीन


लॉन्सेस्टन
२२ जुलै

प्रिय नोलीन,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. आम्ही डॉक्टरांना पाठवतो तसलीच आहे, फक्त वरचं हॉस्पिटलचं नाव कापलंय, कारण तू आमची पेशंट नाहीस. त्यात मी एवढंच लिहिलंय:

"वय ५०. चेहरा वारंवार लाल होतो, घामाशिवाय. मद्य व चीज घेतल्यावर लाली वाढते. सोबत धडधड. दोन-तीन महिने रोज पाच-सहा वेळा जुलाब. कृपया कारण नोंदवावे." आणि त्याखाली रिकामी रेघ.

ही चिठ्ठी तुमच्या बेटावरच्या डॉक्टरांच्या हातात दे. तू काही बोलू नकोस. महिला मंडळाने काय ठरवलंय ते तर मुळीच सांगू नकोस.

मला काय वाटतं असं विचारू नकोस. मी एकवीस वर्षं फाइली वाचतेय, त्यामुळे मला काही ना काही वाटतंच. पण मला नुसत्या वाटण्यावरून कुणाला नाव चिकटवायचा अधिकार नाही, आणि तुला तर मुळीच चिकटवायचं नाही. मी लिहिलं आणि चुकलं तर तू उगाच घाबरशील. मी लिहिलं आणि तू त्यांना तसंच सांगितलंस तर ते तेवढंच बघतील. म्हणून रेघ रिकामी.

जा मात्र. माझ्यासाठी जा.

ग्लेनिस


लेडी बॅरन
२ ऑगस्ट

ग्लेनिस,

मी तुझ्या टेबलावरची फाइल नाही. मी तुला बाईमाणूस म्हणून चार गोष्टी सांगितल्या, तू त्याचा सरकारी कागद करून परत पाठवलास. वर रिकामी रेघ! चांगलं काही असतं तर लिहिलं असतंस. जे लिहायला तुझा हात धजत नाही ते मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायला पाठवतेस?

मी बरी आहे. कोकरं चांगली झाली, जुळी बरीच आहेत. हा विषय आता पुन्हा नको.

नोलीन


लॉन्सेस्टन
१८ सप्टेंबर

प्रिय नोलीन,

सहा आठवडे तुझं पत्र नाही. मी तीन लिहिली. तू मुद्दाम गप्प आहेस असं समजून मीही फुगून बसले होते. आता फुगा फुटला, कसा ते सांगते.

गुरुवारी दुपारी फाइलींची गाडी खाली आली. माझ्या वाट्याच्या गठ्ठ्यात वरून चौथी. पाठीवर नाव, टॅटनेल, नोलीन रूथ. जन्मतारीख तुझी.

आमच्याकडे ओळखीच्या माणसाची फाइल आली तर उघडायची नाही. तशीच उचलून दुसऱ्याकडे द्यायची. कुणी बघत नसलं तरी. मी उचलली, हेडलीच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही माझी आहे." त्याला कळलं. बाकीचं काम बाजूला सारून त्याने आधी तीच उघडली.

नोलीन, मी दीड तास त्याच्यासमोर बसून त्याचा चेहरा वाचत होते आणि त्या माणसाचा चेहरा म्हणजे कोरी भिंत. बोटाला थुंकी लावायचा, पान उलटायचा. जाड फाइल होती. पहिल्याच पानावर तो थांबला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, उठला आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आला. सोबत काम केल्याच्या अकरा वर्षांत त्याने मला चहा केलेला नाही. साखर दोन चमचे घातली, मी घेत नाही. मी प्यायले. त्या चहाने मला जी धडकी भरली ती फाइलने भरली नव्हती.

मग तो म्हणाला, "घरी जा, ग्लेनिस. आणि तिला पत्र लिही." यापलीकडे त्याला बोलता येत नाही, मीही विचारलं नाही. घरी पाठवलेल्यांच्या फाइली आमच्याकडे येतात आणि घरी न गेलेल्यांच्याही येतात. तू गेली असतीस तर डार्सी विमानाने येऊन दारात उभा राहिला असता, तेवढ्या भरवशावर मी दोन दिवस काढले.

माझा राग एकाच गोष्टीचा आहे. तू इथे होतीस. माझ्या डोक्यावर, दोन-तीन मजले वर. मी खाली बसून कुणा परक्याच्या घोट्याला नंबर देत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा. माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. मी सूप आणलं असतं. मी नुसती बसून राहिले असते.

तुझ्या फाइलीत काय आहे ते मी विचारत नाही. एवढंच विचारते, कशी आहेस?

ग्लेनिस


लेडी बॅरन
२७ सप्टेंबर

माझी ग्लेनिस,

बरी आहे. आधी हे वाच, मग बाकीचं. बरी आहे आणि डॉक्टर म्हणतात बरीच राहीन.

आता पहिल्यापासून सांगते. तुझी चिठ्ठी मी रागाने चहाच्या डब्यात खुपसली होती. पाचव्या दिवशी मेंढीने लाथ मारली, मनगट सुजलं, म्हणून डॉक्टरकडे जावं लागलं. निघताना डार्सीने ती चिठ्ठी माझ्या कोटाच्या खिशात घातली. तो माझा चहाचा डबा उघडतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! डॉक्टरांनी मनगट बांधलं आणि मी आपली निघता निघता चिठ्ठी पुढे केली. वाचून विचारतात, "ही कुणी लिहिली?" मी म्हटलं, नणंदेने. "आणि काय आहे ते नाही लिहिलं?" मी म्हटलं, तिला परवानगी नाही. ते हसले. मग पुन्हा एकदा वाचली आणि हसायचे थांबले. मला म्हणाले, "बसा."

पुढचा तमाशा ऐक. चोवीस तासांची लघवी एका मोठ्या बाटलीत जमवायची. त्याआधी तीन दिवस केळं नाही, टोमॅटो नाही, अक्रोड नाही. ती बाटली विमानाने लॉन्सेस्टनला पाठवायची. वैमानिक म्हणाला, काकवी दिसतेय, ठेव माझ्या शेजारच्या सीटवर. मी त्याला काही सांगितलं नाही. पट्टासुद्धा बांधला ग त्याने बाटलीला!

तपासात काहीतरी प्रमाणाबाहेर निघालं. मग मला तुमच्याच हॉस्पिटलात नेलं, पोटाचे फोटो काढले, आणि डाव्या अंडाशयात जर्दाळूएवढी गाठ निघाली. त्या गाठीतून काहीतरी रक्तात झिरपत होतं आणि माझं तोंड पेटवत होतं. पोटाची धावपळही तिचीच. नाव लांबलचक आहे. हीच गाठ आतड्यात असती तर तोंड लाल होईपर्यंत ती यकृतात पसरलेली असती म्हणे. माझी अशा जागी होती की तिने लवकर चुगली केली. सगळी अख्खी निघाली. दुसरं अंडाशय आणि पिशवीही काढली. हृदय तपासलं, ठीक आहे. सर्जन म्हणाले, वर्षभर थांबली असतीस तर आपण वेगळं बोलत असतो. मला ते ऐकून रडू आलं, तिथेच, त्यांच्या समोर. थेल्माच्या टाळ्यांवर मी वर्ष काय, दोन काढली असती. तुझ्या रिकाम्या रेघेमुळे मी वाचले, आणि तुला मी काय काय लिहिलं होतं.

तुला का नाही सांगितलं? माझी आई त्याच हॉस्पिटलात गेली. मी एकोणीस वर्षांची होते. भेटायला येणाऱ्यांचे चेहरे बघून तिला आपलं काय होणार ते कळायचं, डॉक्टरांनी सांगायच्या आधी. ग्लेनिस, तुला चेहरा लपवता येत नाही. मला वाटलं, तू आलीस आणि तुझ्या तोंडावर वाचलं तर मी संपेन. म्हणून ठरवलं, निभावलं की मगच सांगायचं. डार्सीलाही शपथ घातली. तो बिचारा तुझ्या घरावरून रोज चालत यायचा, टोपी नाकापर्यंत ओढून. घरी आल्यावर टाके सुकू देत, सुकू देत म्हणत पत्र लांबवत गेले. फाइल तुझ्याच टेबलावर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माफ कर.

आणि आता गंमत. दोन्ही अंडाशयं गेली, त्यामुळे आता खरोखरचं ते वय आलं, एका दिवसात. रात्री चादर पिळून काढते! काल सभेत घामाने भिजले तर थेल्मा म्हणते, "तुझं अजून चालूच आहे का?" डॉक्टरांनी लिहूनही दिलंय, तेव्हा यालाही नंबर असेलच.

पेशंटला आपल्या फाइलीची नक्कल मागता येते, हे तूच कधीतरी सांगितलं होतंस. मी मागवली. सोबतच्या जाड पाकिटात आहे. आता ती हॉस्पिटलची नाही, माझी आहे आणि मी तुला वाचायला देतेय. कुणाचा नियम मोडत नाही.

नोलीन


लॉन्सेस्टन
५ ऑक्टोबर

प्रिय नोलीन,

त्याला एन ९५.३. शस्त्रक्रियेने पाळी गेल्यावरचा. थेल्माला सांग, हा तिच्या नंबरापेक्षा दोनने मोठा आहे.

पाकीट रविवारी सकाळी उघडलं. सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून. सवयीप्रमाणे हातात लाल पेन घेऊन, कारण पहिलं पान म्हणजे चुकांचं आगर असतं. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. पत्त्यात बॅरनचा एक आर गाळलाय.

त्याखाली ती ओळ आहे, काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवावे. मला वाटलं डार्सी असणार. तिथे लिहिलंय, ग्लेनिस टॅटनेल, माझा पत्ता, आणि पुढे, "तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत. फोन करू नका, ऐकू कमी येतं, कुणीतरी खाली जाऊन सांगा." अक्षर नर्सचं आहे, पण बोलणं तुझं आहे. म्हणजे मला काही सांगायचं नाही हे तू ठरवलं होतंस, आणि वाईट झालं तर सगळ्यांत आधी मलाच सांगायचं हेही तूच ठरवलं होतंस. हेडलीने तो चहा का केला ते मला आत्ता कळलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर रडले, मग पाव भाजला आणि तुझा जॅम लावून खाल्ला.

बाकीची फाइल मी दुपारपर्यंत संपवली. सगळं नीट आहे. हेडलीने नीट काम केलंय, एकही नंबर इकडचा तिकडे नाही.

चूक एकच सापडली, त्याच ओळीत. कळवायच्या माणसाशी पेशंटचं नातं या रकान्यात "बहीण" लिहिलंय. नियमाप्रमाणे तिथे "नणंद" हवं. चुकीचं नातं दिसलं की रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा, शेजारी सही आणि तारीख. एकवीस वर्षांत मी एकही सोडलेलं नाही.

पेन टोपण लावून खणात ठेवलं आहे. शनिवारच्या विमानाने येते.

ग्लेनिस